रुमालाखाली

नाव पोपट.
पोपट गेनभाऊ डुंबरे, मूळ गाव ओतूर,
हल्ली मुक्काम कोपरखैरणे, पहिला मजला.
एवढंच पाठ करून वाशीच्या क्लासात उभा राहिलो
आणि तेही अर्ध्यात अडकलं.
मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच शीळ घातली.
हसा बाबांनो. एकतीस वर्षं मार्केट हसतंय,
नाव पोपट आणि बोलायची बोंब.

कर्णिक बाई म्हणाल्या, श्वास घ्या.
घेतला.
म्हणाल्या, शेवटच्या रांगेतल्या एकाशी बोला, बाकीचे ऐकतील.
म्हणाल्या, हात का हो खिशात लपवता?

हात.
काय सांगू बाई, माझं सगळं बोलणं हातातच झालंय.
फळबाजारात, पहाटेच्या पिवळ्या दिव्याखाली
पेटी फोडायची, वरचा पेंढा सारायचा,
गिऱ्हाइकाच्या पंजावर रुमाल टाकायचा
आणि आत बोटं धरायची.
पेर दाबलं की थोडं खाली, दुसरं बोट धरलं की वर,
तळहातावर नख ओढलं की राहू दे, पुढे चाल.
चेहरा दगडाचा.
हजारोंचे सौदे केले,
घशाला कोरडसुद्धा पडली नाही.

घरीही तेच.
इंदू विचारायची, आमटी कशी झालीय?
हं.
पोरगी पास झाली.
हं.
इंदूची आई गेली तेव्हा
रात्रभर तिचं मनगट धरून बसलो
आणि समजलो, पोचलं.

सोसायटीचा सेक्रेटरी मला केलं
कारण दुसऱ्या कुणी हात वर केला नाही
आणि मी केला होता तो पंखा कमी करा म्हणायला.

रविवारी बिल्डरचा माणूस आला.
भिंतीवर चित्रं: बावीस मजले, पोहायचा तलाव,
पाण्यात कुणाच्या तरी पोरांचे गोरे पाय.
काय बोलत होता! नुसतं लोणी.
'विश्वास' मी बोटांवर मोजला, अकरा वेळा.
क्षेत्रफळ किती, विचारलं कुणी
तर म्हणे, ते कमिटीशी बसून बोलू, आपसात.

मी उठलो.
श्वास.
शेवटची रांग: मोकल काकू, सुजलेले पाय,
तीन मजले थांबत थांबत उतरलेल्या.
त्यांच्याशी बोलायचं. फक्त त्यांच्याशी.
तोंडातून काही येईना.
बाईंनी लिहून घेतलेली कार्डं शोधायला खिशात हात घातला
तर रुमाल आला.

मग तोच टाकला डाव्या पंजावर.
म्हणालो, काकू, ह्याच्या आत मी आयुष्य काढलं.
इथे ठरतो तो भाव दोघांनाच कळतो.
ज्याचा माल, तो लांब टेम्पोपाशी बिडी ओढत असतो.
मी त्यात नव्हतो असं म्हणणार नाही.
पण इथे बत्तीस घरं आहेत
आणि मला हात दोन.
साहेब, रुमाल काढा.
आकडा मोठ्यानं बोला.

एवढंच. मिनिटभर असेल.
आवाज दोनदा फाटला.
टाळ्या वगैरे काही नाहीत.
मोकल काकू म्हणाल्या, हां, मोठ्यानंच बोला, मला कमी ऐकू येतं.
साहेबांनी पाण्याची बाटली उघडली, परत बंद केली.
सभा पुढच्या रविवारवर गेली.

घरी इंदू भाकऱ्या थापत होती.
काय झालं सभेत?
हं,
निघालंच, जुनी सवय.
मग स्टूल ओढलं. श्वास घेतला.
पहिली रांग, शेवटची रांग, सगळीकडे तीच.
म्हटलं, सभेचं सांगतो.
पण आधी, तुझी आई गेली ना, तेव्हा मला
खरं तर तुला म्हणायचं होतं की

पिठाचे हात तसेच अधांतरी.
आत्ता सांगताय? म्हणाली,
आणि गॅस बारीक केला.